वस्त्र आणि नजर : निवडीच्या नैतिकतेचा विचार

१

वस्त्र धारण करण्याच्या क्रियेसाठी मराठीत एकच क्रियापद नाही. लुगडे आणि धोतर नेसायचे असते, सदरा आणि झगा घालायचा असतो, शाल पांघरायची असते, दागिने ल्यायचे असतात. हा भेद केवळ कोशगत नाही. शिवलेल्या कपड्याचा आकार शिंप्याने आधीच ठरवलेला असतो. देह त्यात शिरतो. न शिवलेल्या वस्त्राला आकार देण्याचे काम मात्र नेसणाऱ्या व्यक्तीकडे राहते आणि ते रोज नव्याने करावे लागते. काठ घोट्यावर ठेवायचा की पोटरीवर, कासोटा घट्ट मारायचा की सैल, पदर खांद्यावरून मोकळा सोडायचा, डोक्यावरून घ्यायचा की कमरेला खोचायचा, याचे निर्णय दररोज होत असतात. त्यामुळे नेसणे हे जितके आच्छादन असते तितकेच ते वर्तनही असते, आणि त्याकडे पाहणारी नजर वस्त्राबरोबर वर्तनही वाचत असते. पदर येणे, पदर ढळणे, पदर पसरणे, पदर खोचणे हे वाक्प्रचार एकत्र ठेवून पाहिले तर स्त्रीच्या वयात येण्यापासून तिच्या अब्रूपर्यंत आणि तिच्या याचनेपासून तिच्या कष्टापर्यंतचा व्यवहार वस्त्राच्या एका टोकाशी कसा बांधला गेला आहे, हे ध्यानात येते.

‘नजर’ या शब्दाचेही असेच आहे. नजर लागते, ठेवली जाते, चुकवली जाते, भिडवली जाते. लागलेली दृष्ट मीठमोहऱ्यांनी काढावी लागते. या भाषेच्या दृष्टीने पाहणे ही निरुपद्रवी, दूरस्थ क्रिया नाही. पाहिल्याने पाहिल्या गेलेल्या वस्तूत काही बदल होतो, ही धारणा तिच्यात मुरलेली आहे.

या दोन शब्दांच्या मध्ये जो नैतिक प्रश्न उभा राहतो तो असा : स्त्रीची वस्त्रनिवड ही तिची स्वतःची निवड असते काय? या प्रश्नाची सर्वसाधारणपणे तीन उत्तरे दिली जातात. पहिले नीतिरक्षकाचे : वस्त्र नजरेला आमंत्रण देते, म्हणून नजरेची जबाबदारी वस्त्र नेसणारीवर येते. दुसरे व्यक्तिस्वातंत्र्यवाद्याचे : वस्त्र ही खाजगी बाब आहे, नजर हा पाहणाऱ्याचा प्रश्न आहे, दोहोंचा संबंध जोडूच नये. तिसरे उत्तर समीक्षाशास्त्राच्या वाटेने आलेले आहे : स्त्रीची प्रत्येक निवड नजरेनेच घडवलेली असते, म्हणून ‘स्वतःची निवड’ हा शब्दप्रयोगच भ्रामक होय. ही तिन्ही उत्तरे अपुरी का पडतात, हे मालवणच्या किनारपट्टीवरील आणि तिच्या आसपासच्या काही उदाहरणांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

२

तिसऱ्या उत्तराची सैद्धांतिक पार्श्वभूमी परिचित आहे. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये युरोपीय चित्रपरंपरेतील नग्न स्त्रीचित्रांचा विचार करताना असे दाखवून दिले की, स्त्री स्वतःच्या अंतर्यामी पाहणारा आणि पाहिली जाणारी अशी दोन्ही रूपे बाळगते आणि तिच्यातील पाहणारा हा पुरुष असतो. लॉरा मल्वी यांनी १९७५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात हॉलिवूडच्या चित्रपटांची रचनाच पुरुषी नजरेवर कशी आधारलेली आहे, हे मनोविश्लेषणाच्या साहाय्याने मांडले. त्यांच्या मांडणीत स्त्री-प्रेक्षकाला जागाच उरत नाही, असा आक्षेप लवकरच घेतला गेला आणि १९८१ मध्ये त्यांनी स्वतःच त्या प्रश्नाचा फेरविचार केला. मिशेल फूको यांचा तुरुंगव्यवस्थेवरील ग्रंथही १९७५ चाच. सतत कोणी पाहत असेल या शक्यतेनेच माणूस स्वतःवर पहारा ठेवू लागतो, हे त्यांचे सूत्र स्त्रीवादी अभ्यासकांनी पुढे देहाच्या आणि वेषभूषेच्या चर्चेत वापरले.

या सर्व मांडणीआधी सार्त्र यांनी १९४३ मध्ये नजरेची जी मीमांसा केली, तिच्याकडे या संदर्भात पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्यांचे उदाहरण किल्लीच्या भोकातून आत डोकावणाऱ्या माणसाचे आहे. तो पाहण्यात बुडालेला असतो, आणि तेवढ्यात मागच्या बाजूने पावलांचा आवाज येतो. आपण पाहिले जात आहोत ही जाणीव होताच तो शरमेने व्यापला जातो. या उदाहरणात लाज वाटते ती डोकावणाऱ्याला. दाराच्या आत जे कोणी आहे त्याला नव्हे. वस्त्राविषयीच्या आपल्या सामाजिक चर्चेत ही दिशा नेमकी उलटलेली असते. तेथे डोकावणारा निर्लेप राहतो आणि लाजेचे ओझे आतल्या व्यक्तीवर टाकले जाते. ‘तिला लाज कशी वाटत नाही?’ हा प्रश्न विचारणारा स्वतः किती वेळ आणि किती बारकाईने पाहत होता, हे कोणी विचारत नाही. हे उलटणे कसे घडते, हाच वस्त्रविषयक नैतिकतेचा कळीचा प्रश्न म्हणावा लागेल.

तथापि ‘पुरुषी नजर’ ही संकल्पना पडद्याच्या आणि चित्रचौकटीच्या अनुभवातून घडलेली आहे, हेही विसरता कामा नये. चित्रपटगृहात प्रेक्षक अंधारात असतो. पडद्यावरील स्त्री त्याच्याकडे पाहू शकत नाही. ज्या समाजात पाहणारा आणि पाहिली जाणारी एकमेकांना नावानिशी ओळखतात, जेथे दिसणे हे परस्पर असते, तेथे ही संकल्पना जशीच्या तशी लावता येत नाही. दशावताराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते.

३

कार्तिकानंतर सिंधुदुर्गातील गावोगावच्या देवळांतून जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतारी नाटके होतात. हार्मोनियम, पखवाज, झांज आणि बसायला एक बाकडे एवढ्या सामग्रीवर आख्यान उभे राहते. लिखित संहिता नसते; संवाद पात्रे आयत्या वेळी रचतात. परंपरेने सर्व भूमिका पुरुषच करतात. ‘राजपार्टी’प्रमाणे ‘स्त्रीपार्टी’ हा नटाचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. स्त्रीपार्टी करणारा नट स्वतःच्या हाताने रंग लावतो, लुगडे किंवा साडी नेसतो, केसांत आबोलीचा वळेसर माळतो आणि पहाट होईपर्यंत कधी सती, कधी राणी, कधी मोहिनी होतो.

येथे स्त्रीत्व म्हणजे काय, याचे उत्तर जवळजवळ पूर्णपणे वस्त्राच्या आणि वावराच्या भाषेत दिले जाते. देह पुरुषाचा असतो, प्रेक्षकांना ते ठाऊक असते. कित्येकदा तो नट दिवसा कोणते काम करतो हेही ठाऊक असते. तरीही पदर सावरण्याच्या एका हालचालीने रंगमंचावर स्त्री उभी राहते. लिंगभाव ही देहात दडलेली वस्तू नसून पुनःपुन्हा केल्या जाणाऱ्या कृतींतून तो सिद्ध होतो, अशी मांडणी ज्युडिथ बटलर यांनी १९९० मध्ये केली. दशावताराच्या प्रेक्षकाला ही मांडणी फारशी धक्कादायक वाटू नये. मात्र दशावतारावरून थेट मुक्तीचा निष्कर्ष काढणेही उतावळेपणाचे ठरेल. ज्या रंगमंचावर स्त्रीत्व वस्त्रात सामावते, त्या रंगमंचावर प्रत्यक्ष स्त्रीला परंपरेने प्रवेश नव्हता. पुरुषाला स्त्रीचे वस्त्र नेसून रात्रभर सर्वांच्या नजरा झेलण्याची मुभा होती आणि त्याबद्दल त्याला मानही होता. तेच नजरा झेलणे स्त्रीने केले असते तर तिची गणना वेगळ्या वर्गात झाली असती. जयवंत दळवी यांच्या ‘महानंदा’ या कादंबरीत भाविणीच्या जीवनाचे जे चित्रण आहे, ते या दुसऱ्या वर्गाचे आहे. कुलीन स्त्रीच्या साधेपणाला अर्थ यावा यासाठी दुसऱ्या कोणा स्त्रीचा साजशृंगार देवळाच्या आवारातच राखून ठेवलेला होता. वस्त्राची नैतिकता ही अशी नेहमी जोडीने काम करते : एकीची मर्यादा ही दुसरीच्या अमर्यादेवर उभी असते.

जत्रेच्या प्रेक्षकांत स्त्रियाही असतात आणि त्यांची नजर पुरुष-प्रेक्षकांच्या नजरेहून निराळी असते. नेसणे हा त्यांच्या रोजच्या सरावातला विषय आहे. निऱ्या नीट पडल्या की नाहीत, पदराची लांबी भूमिकेला शोभते की नाही, दुःखाच्या प्रसंगी पदराचा शेव डोळ्यांना लावण्यात खरेपणा आहे की नुसता देखावा, हे त्या क्षणात ओळखतात. या नजरेत उपभोग नाही आणि देखरेखही नाही. तिला ‘पारख’ हा शब्द योजणे युक्त ठरेल.

४

पारखीची ही नजर आधुनिक मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका वेगळ्या वळणावर भेटते. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या भूमिका पाहून पांढरपेशा घरांतील स्त्रियांनी त्यांची साडी नेसण्याची, केस बांधण्याची आणि दागिने घालण्याची पद्धत उचलली, ही गोष्ट सुविदित आहे. पुरुषाने कल्पिलेली स्त्री पाहून प्रत्यक्ष स्त्रिया स्वतःला घडवू लागल्या, असे म्हणून या घटनेची बोळवण करणे सोपे आहे. बर्जर यांच्या सूत्राचे ते आदर्श उदाहरणही ठरेल. परंतु त्या नटाने ती ढब कोठून घेतली, हा प्रश्न विचारला की चित्र गुंतागुंतीचे होते. स्त्रीभूमिका करणारा कोणताही नट आपल्या भोवतीच्या स्त्रियांच्या नेसण्याचे, चालण्याचे निरीक्षण करूनच ती साकार करतो. म्हणजे स्त्रियांची कृती नटाकडे जाते आणि संस्कारित होऊन स्त्रियांकडे परत येते. या चक्रात ‘मूळ’ कोणाचे आणि ‘अनुकरण’ कोणाचे, हे सांगता येत नाही. त्यामुळे नजरेचा प्रभाव आहे म्हणून निवड खोटी, असा निष्कर्ष येथे लागू पडत नाही. भाषा दुसऱ्यांकडूनच शिकावी लागते. म्हणून बोलणाऱ्याचे वाक्य त्याचे स्वतःचे नसते, असे कोणी म्हणत नाही.

मात्र स्त्रियांची नजर ही नेहमीच पारखीची नसते. तिचे दुसरे रूप ‘पहारा’ हे होय. नवी मुंबईतील गोठिवली या गावी २०१४ मध्ये एका महिला मंडळाने स्त्रियांनी दिवसा गाऊन घालून घराबाहेर वावरू नये असा नियम केला आणि तो मोडणारीला ५०० रुपये दंड ठरवला. घरकामाच्या सोयीचा, सैल, गळ्यापासून घोट्यापर्यंत देह झाकणारा हा कपडा उघड्या देहामुळे आक्षेपार्ह ठरला, असे म्हणता येत नाही. त्याच्याविषयीचा आक्षेप ‘घरातले’ दाराबाहेर आले, हा होता. सिंधुदुर्गातही गाऊनवर टॉवेल किंवा ओढणी टाकून शेजारी अथवा दुकानापर्यंत जाणाऱ्या स्त्रिया सर्रास दिसतात. तो टॉवेल काही झाकण्यासाठी नसतो. आपल्याला मर्यादा ठाऊक आहे, एवढे सांगण्यासाठी तो असतो. म्हणजेच येथे वस्त्र देहाचे आच्छादन राहिलेले नसून ते पहाऱ्याला दिलेले उत्तर झालेले आहे.

पहारा ठेवणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांमागे पुरुषाची नजर असते काय? तिने कोणा पुरुषाच्या आज्ञेवरून नियम केलेला नसतो. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यातील लोकांना ती भीत असते, आणि ते लोक कोण, असे विचारल्यास तिला नेमके बोट दाखवता येत नाही. फूको यांच्या सूत्राचा अर्थ येथे पूर्णांशाने प्रत्ययास येतो. परंतु त्याचबरोबर हेही नोंदवायला हवे की, पहारा ठेवल्याने त्या स्त्रीला काही प्राप्त होते. इतरत्र अधिकार नाकारलेल्या व्यक्तीला दुसऱ्या स्त्रीच्या वस्त्रावर अधिकार गाजवता येतो. पहारा हा पुरुषसत्तेचा पाझर असतो, तसाच तो वंचिताला मिळालेला सत्तेचा एक लहानसा तुकडाही असतो. त्याचे नैतिक मूल्यमापन करताना या दोन्ही बाजूंचे भान ठेवावे लागते.

५

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा मासळीची वर्गवारी, लिलाव, वाहतूक आणि विक्री या कामांत कोळीण आणि गाबीत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. जुन्या पिढीतील या स्त्रियांचे कासोट्याचे, पोटरीपर्यंत वर घेतलेले लुगडे हे पाण्यात आणि वाळूत वावरण्यासाठी सिद्ध झालेले वस्त्र आहे. खोचलेला पदर कामाला लागल्याची खूण असतो. मासळीबाजारात बांगड्याची किंवा सुरमईची पाटी पुढे ठेवून बसलेली विक्रेती गिऱ्हाइकाकडे सरळ पाहते. कोण घासाघीस करणार, कोण नुसताच फिरणार, कोणाला ताजी मासळी ओळखता येत नाही, हे ती त्याच्या चालीवरून ताडते. येथे नजर दोन्ही बाजूंनी आहे आणि पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीच्या हाती जीभही आहे. मासळीविक्रेतीच्या तोंडी लागू नये, असे जे म्हटले जाते त्यात तुच्छतेबरोबर एक नकळत दिलेली कबुलीही आहे : ही स्त्री नजरेला उत्तर देऊ शकते.

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तारकर्लीच्या वाळूवर आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या समुद्रात त्यानंतर पर्यटकांची वर्दळ वाढत गेली. या वर्दळीबरोबर एक नवी नजर आली. जाहिरातीच्या फलकावर आणि माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नऊवारीतील, केसांत आबोली माळलेली, हातात पाटी घेतलेली स्त्री ‘अस्सल कोकण’ म्हणून उभी राहिली. वस्त्र तेच, पोटरीची उंचीही तीच. पण कष्टाचे वस्त्र आता दृश्य झाले. या नजरेत अभद्र असे काही नाही, तिच्यात कौतुकच आहे. तरीही बाजारातील नजरेहून ती एका बाबतीत निराळी आहे. छायाचित्रातील स्त्रीला पाहणाऱ्याकडे परत पाहता येत नाही, त्याला चार शब्द सुनावताही येत नाहीत.

याच वाळूवर वस्त्राचे दोन संकेत एकमेकांसमोर येतात. शहरातून आलेल्या स्त्रीला आखूड कपड्यांत समुद्रात उतरता येते, कारण ती दोन दिवसांनी निघून जाणार असते. तिच्यावर पहारा ठेवणारे डोळे दूरच्या शहरात असतात. तिची व्यवस्था पाहणारी स्थानिक तरुणी मात्र ओढणीसकट पंजाबी ड्रेस घालून वावरते, कारण तिला येथेच राहायचे असते. पहिली मुक्त आणि दुसरी बद्ध, असा निवाडा करणे घाईचे होईल. दोघींनीही आपापल्या नजरांचा हिशेब केलेला आहे. वस्त्रनिवडीचे स्वातंत्र्य हे असे बरेचदा निघून जाण्याच्या सोयीवर अवलंबून असते, आणि निघून जाण्याची सोय वर्ग आणि पैसा यांनुसार वाटली गेलेली असते.

६

आता निवडीच्या प्रश्नाकडे वळावे लागेल. निवड नजरेच्या प्रभावाखाली झाली म्हणून ती खोटी ठरत नाही, हे वर सूचित केले. मग खरी निवड कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायचे कशावरून? जयवंत दळवी यांच्या ‘बॅरिस्टर’ (१९७७) या नाटकातील लाल आलवणातील केशवपन झालेली मावशी या प्रश्नाला धार आणते. सिंधुदुर्गातील आरवली हे दळवींचे गाव. ‘अंधाराच्या पारंब्या’ या त्यांच्याच कादंबरीवरून हे नाटक सिद्ध झाले. विधवेचे आलवण हे नजर परतवण्यासाठी योजलेले वस्त्र होते. प्रत्यक्षात ते इतर सर्व वस्त्रांहून अधिक ठळक होते. दुरूनही ते दिसे आणि दिसताच वाट बदलली जाई. ज्या वस्त्राचा हेतू न दिसणे हा, त्यानेच स्त्रीला सदैव दृश्य करून ठेवावे, ही त्या प्रथेतील क्रूर विसंगती होय. मावशीसारख्या स्त्रिया हे वस्त्र आपले मानीत, ते धर्म्य मानीत, हेही खरे. त्यांच्या मानण्याला खोटी जाणीव म्हणून झटकून टाकणे हा त्यांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान ठरेल. परंतु आलवण नाकारल्यास काय झाले असते, हा प्रश्न विचारता येतो. अन्न, निवारा आणि नाव या तिन्हींवर गदा आली असती. नकाराची किंमत जेथे जगण्याइतकी मोठी असते, तेथे होकार हा कितीही मनःपूर्वक असला तरी त्याला निवड म्हणता येत नाही. वस्त्रनिवडीची कसोटी होकारातील उत्कटतेत नसून नकाराच्या किमतीत शोधली पाहिजे.

या कसोटीचा दुसरा पैलू महाडला दिसतो. डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेच्या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरील दागिन्यांचा मुद्दाम उल्लेख केला. ज्या खुणांवरून अस्पृश्यता ओळखली जाते त्या टाकून द्याव्यात, लुगडे वरच्या जातींतील स्त्रियांप्रमाणे खालपर्यंत नेसावे, असे त्यांनी सांगितले आणि स्त्रियांनी ते तत्काळ अंमलात आणले. वरवर पाहता एका पुरुषाने स्त्रियांनी कसे नेसावे हे सांगितले आणि स्त्रियांनी वरिष्ठ जातींचे अनुकरण केले, असे या घटनेचे वर्णन करता येईल. ते शब्दशः खरे असूनही अर्थतः चुकीचे आहे. मालवणच्या मासळीबाजारात वर घेतलेले लुगडे ही कामाची सोय होती. महाडच्या स्त्रियांच्या बाबतीत तशीच उंची जातीची खूण बनलेली होती, आणि खाली नेसण्याला बंदी असल्याने ती त्यांची निवड नव्हती. काठ चार बोटे खाली आणणे म्हणजे आपल्याला एका नजरेत ओळखून बाजूला करण्याचा अधिकार हिरावून घेणे होते. त्रावणकोरमध्ये नाडर स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी जो दीर्घ लढा द्यावा लागला आणि ज्याची परिणती १८५९ च्या राजाज्ञेत झाली, त्याचा आशयही हाच आहे. वस्त्र कमी करणे म्हणजे मुक्ती आणि वाढवणे म्हणजे बंधन, हे समीकरण या दोन्ही ठिकाणी साफ कोसळते.

७

वस्त्र आणि नजर यांची भारतीय साहित्यातील आदिम सभा म्हणजे सभापर्वातील द्यूतसभा. द्रौपदी एकवस्त्रा होती, रजस्वला होती. सभेत येण्याची वेळ तिने निवडली नव्हती. तिने कोणाच्या नजरेला आमंत्रण दिले होते, असे म्हणणे शक्य नाही. तरीही कर्णाने ते म्हटलेच. अनेकांची पत्नी ती बंधकी, तेव्हा ती एकवस्त्रा असो की विवस्त्रा, त्यात विशेष ते काय, हा त्याचा युक्तिवाद होता. नीतिरक्षकाचे उत्तर त्याच्या तार्किक टोकाला नेले की ते कर्णाच्या या वाक्यापाशी पोहोचते : वस्त्रावरून चारित्र्य ठरवणारी नजर वेळ येताच चारित्र्यावरून वस्त्राचा हक्कच काढून घेते.

द्रौपदीने मात्र वस्त्राविषयी वाद घातला नाही. राजा आधी स्वतःला हरला की मला, हा तिचा प्रश्न होता. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) अशा प्रसंगी कायद्याचा काथ्याकूट करणे ही द्रौपदीची चूक होय, असे मत मांडले. कर्वे यांच्या वाचनाची निर्भयता मान्य करूनही येथे वेगळी भूमिका घ्यावीशी वाटते. तो प्रश्न विचारून द्रौपदीने सभेतील नजरांची दिशा पालटली. जी पाहिली जाण्यासाठी ओढून आणली होती तिने पाहणाऱ्यांनाच उत्तर देण्यास भाग पाडले. आणि धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म निरुत्तर झाले, तेव्हा सार्त्रच्या दाराआडील माणसाप्रमाणे लाज ही पाहणाऱ्यांच्या वाट्याला आली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत कृष्णाचा धावा मूळ संहितेत नाही. वस्त्रामागून वस्त्र प्रकटत जाते, इतकेच आहे. परंपरेने पुढे तेथे त्रात्याची योजना केली. मूळ संहितेत मात्र अनुत्तरित प्रश्न आणि न संपणारे वस्त्र एवढेच एकमेकांशेजारी उभे आहेत.

याच प्रसंगावर बेतलेला प्रयोग करू पाहणाऱ्या गावातील हौशी मंडळींची फजिती गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या मालवणी नाटकात रंगली आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ती घराघरांत पोहोचवली. हे प्रहसन आहे, नीतिकथा नव्हे. तरीही त्यात प्रेक्षक हसतो तो सभेला, तिच्या मानपानाला आणि तिच्या मोठेपणाच्या सोंगाला, हे सूचक आहे. सभेचे हसे होऊ शकते ही जाणीव मालवणी मुलखाने आपल्या भाषेत जपलेली आहे.

या विवेचनातून जो निकष हाती येतो तो असा मांडता येईल. नजर पुरुषाची की स्त्रीची, यावरून तिचे नैतिक मूल्य ठरत नाही. पारख आणि पहारा हे दोन्ही स्त्रीच्याच डोळ्यांत वसू शकतात आणि पुरुषाच्या नजरेतही उपभोगाबरोबर आदराची ओळख असू शकते. नजर जिच्यावर पडते तिला उत्तर देण्याची मुभा आहे की नाही, हा खरा प्रश्न. बाजारातील नजरेला उत्तर देता येते, छायाचित्रातील नजरेला देता येत नाही; जत्रेतील पारखीला पुढच्या प्रवेशात उत्तर देता येते, दंडाच्या नियमाला देता येत नाही. मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या मंदिरात वस्त्रांविषयी निर्बंधाचे फलक लागले आणि टीका होताच त्याच दिवशी काढले गेले. त्या प्रसंगी निर्बंध योग्य की अयोग्य यावर पुष्कळ बोलले गेले. ज्यांच्या देवीला जायचे त्या स्त्रियांना निर्बंधापूर्वी कोणी विचारले होते काय, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही.

हा निकष सर्व अडचणी सोडवतो असे नाही. आरशासमोर एकटी उभी असलेली तरुणी पदर कसा घ्यावा याचा विचार करते, तेव्हा तिच्या आतच बसलेल्या पहाऱ्याला ती उत्तर देते आहे की आपल्या पारखीचा आनंद घेते आहे, हे बाहेरून सांगता येणार नाही. कदाचित तिलाही नेहमी सांगता येणार नाही. तेथे समीक्षकाने निवाडा करण्याचे कारण नाही. तो निवाडा करू लागला की तोही डोकावणारा ठरतो. समाजाने करावयाचे काम निराळे आहे : नकाराची किंमत कमी करणे, आणि सभेत प्रश्न विचारला गेला असता धर्म सूक्ष्म आहे या सबबीखाली गप्प न बसणे. एवढे झाले तर काठ किती उंचीवर असावा, हे नेसणारीवर सोपवता येईल. आणि तोपर्यंत तो काठ मोजणाऱ्यांनी मागून येणाऱ्या पावलांचा कानोसा घेत राहावे.